तिसऱ्या रांगेतला चेहरा

१

स्टुडिओत त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. चेष्टेत पडलेलं नाव, पण असं अंगाला चिकटलं की नवीन आलेल्यांना त्याचं खरं नाव विचारूनही कळलं नसतं. आणि त्यात चुकीचं तरी काय होतं म्हणा! जुन्या फिल्मवरचे ओरखडे, धुळीचे ठिपके, बुरशीचे डाग, कोपऱ्यातून आत डोकावलेलं एखादं आगंतुक टाळकं, हे सगळं एकेका फ्रेममधून पुसत बसायचं, हेच त्याचं काम. जिथे फिल्म अगदीच खाल्ली गेली असेल तिथे दुसरीकडचा तुकडा उचलून ठिगळ लावायचं. ठिगळं लावणं हा आपल्या घराण्याचाच धंदा आहे, असं त्याची ताई म्हणायची, कारण ती घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची.

ताई त्याची मोठी बहीण. आईवडील गेले तेव्हा हा शाळेत होता आणि ती नुकती कॉलेजात जायला लागली होती. तिने कॉलेज सोडलं, एक शिलाई मशीन घेतलं आणि याला वाढवलं. लग्न तिचंही राहिलं, याचंही राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. त्याची चाळिशी उलटली, डोक्यावर टक्कल पडायला लागलं, तरी ती त्याला छोट्याच म्हणायची, आणि कामावरून यायला जरा उशीर झाला की फोन करून "आहेस का मेलास?" असं विचारायची. तो वैतागायचा. पण तिच्याशिवाय त्याला या जगात कोणी नव्हतं, आणि तिलाही त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर अशा या माणसाकडे एका विज्ञानमालिकेच्या टायटल्सचं काम आलं. पृथ्वी कायमची सोडून निघालेल्या शेवटच्या यानाची गोष्ट होती. दिग्दर्शिका हट्टी. पहिल्याच बैठकीत तिने टेबलावर हात आपटून सांगितलं, "चमचमते तारे आणि गरगर फिरणारे ग्रह मला नकोत. माणसाने आजवर जेव्हा जेव्हा पायाखालची जमीन सोडली, ते मला दाखवा. आणि सगळं खरं हवं. बनवाबनवी चालणार नाही."

मग जुन्या फिल्मचे तुकडे गोळा झाले. कापडी पंखांचं विमान लाकडी उतारावरून धडपडत हवेत चढतंय. पितळी टोप घातलेला पाणबुड्या शिडी उतरून पाण्यात नाहीसा होतोय. दोर सोडलेला फुगा, धूर ओकणारं रॉकेट. आणि सगळ्यात आधी, बंदराचा धक्का. धक्क्यापासून नुकतीच सुटलेली एक मोठी बोट, मध्ये काळ्या पाण्याचा पट्टा, आणि रुमाल हलवणारी गर्दी.

२

त्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत, एका बाईचा चेहरा फिल्मवरून गेलेला होता. लांब कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, टोपी, वर उचललेल्या हातात रुमाल, सगळं जिथल्या तिथे. फक्त चेहऱ्याच्या जागी तपकिरी, कडेने फुगे आलेला डाग.

असले डाग खोडरबरने ढिगाने पाहिले होते. पण याच्यात एक भानगड होती. ती बाई मान वळवायची, तेव्हा डागही वळायचा. ती टाचा उंचावायची, तेव्हा डागही वर जायचा. आता, फिल्म सडते ती कुठेही सडते. डाग काही माणसाचा पाठलाग करत नाही. त्याला हे खटकलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की त्या काळी कोणीतरी मुद्दाम तेवढंच खरवडलं असेल. भांडण असेल, प्रेमभंग असेल, काय वाटेल ते असेल. तो चहा पिऊन आला आणि कामाला लागला.

शेजारच्या फ्रेममधून उचलायला चेहराच नव्हता. इकडचे तिकडचे बसवून पाहिले, ते लिफाफ्यावरच्या तिकिटासारखे दिसायला लागले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, दुपारचं ऊन तिरपं होतं तेव्हा, त्याने ताईला बाल्कनीत उभं केलं.

"कुठे बघू?" ताईने विचारलं. तिच्या तोंडात अजून टाचण्या होत्या.

"आधी त्या टाचण्या काढ. हां. आता समोर, त्या पाण्याच्या टाकीकडे बघ. ती टाकी म्हणजे बोट. बोटीवर आपलं माणूस आहे आणि ते कायमचं चाललंय."

"आपलं म्हणजे कोण? तुझ्याशिवाय आहेच कोण मला? आणि तू कुठला जातोयस! कोपऱ्यावर बटाटे आणायला पाठवलं तर दहादा फोन करतोस, कुठले आणू म्हणून."

"ताई, नाटकं नकोत. हा रुमाल घे आणि हात हलव."

तिने हात हलवला. आधी चेष्टेत, मग जरा सावकाश. आणि बघता बघता तिचे डोळे खरोखरच भरून आले. कॅमेरा बंद झाला तशी तिने पदराएवढ्या त्या रुमालाने नाक पुसलं. "मेल्या, काहीतरी भलतंसलतं करायला लावतोस," ती म्हणाली आणि आत जाऊन मशीनवर बसली.

चेहरा बसला. बसला म्हणजे काय बसला! उजेड जुळला, मान जुळली, टोपीची सावली कपाळावर पडायला हवी तशी पडली. त्याला फारसं काही करावंच लागलं नाही. दिग्दर्शिकेने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला.

"कोण आहे रे ही?" तिने विचारलं. "हिला बघून मला माझी आत्याच आठवली."

सगळं खरं हवं, अशी तंबी होती. खोडरबरने खांदे उडवले. "जुनी फिल्म आहे मॅडम. कोण कुठली, कोणास ठाऊक."

३

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी ताईने काम लवकर आवरलं आणि टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली. एका व्हायोलिनचे सूर सुरू झाले, धक्का दिसला, आणि ती किंचाळलीच. "अगं बाई, मी! छोट्या, मी रे! कसली भारी टोपी आहे!"

खोडरबर हसला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला.

ताई बोटीकडे बघत नव्हती. बाल्कनीत तिने टाकीकडे बघितलं होतं, त्याने डोळे तसेच ठेवले होते. आता तिची मान बोटीकडे होती, पण बुबुळं या बाजूला वळलेली होती. सरळ खोलीत. आणि आणखी एक. धक्का आणि बोट यांच्यामधल्या पाण्यावरचे ओरखडे पुसत त्याने दिवसच्या दिवस घालवले होते. तो पट्टा त्याला तळहातासारखा पाठ होता. त्यात एक पिंप तरंगत होतं. ते पिंप दिसलं नाही. तेवढं पाणीच नव्हतं.

चॅनलवाल्यांनी चित्र कडेने कापलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर रोज दहा दहा तास स्क्रीनला डोळे लावून बसणाऱ्याला काय काय दिसेल! त्याने ताईच्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज कमी केला.

दर आठवड्याला मालिका लागायची. ताई टायटल्सपुरती बसायची, स्वतःला बघायची आणि उठायची. "यान जाऊ दे बापडं कुठेही," म्हणायची. खोडरबर मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि पाणी बघायचा. दर वेळी ते थोडं कमी असायचं. बोट जवळ येत होती. बाकी कोणाला हे कसं दिसत नव्हतं, कोण जाणे. मिनिटभराची टायटल्स, त्यात धक्का चार श्वासांचा. लोक तेव्हा खाण्याच्या बशा घेऊन येत असतात.

४

त्याच सुमारास ताईची चष्म्याबद्दल कुरकुर सुरू झाली. "नंबर वाढलाय माझा. आरशात चेहरा धड दिसत नाही. बाकी सगळं लख्ख दिसतं, कानातलंसुद्धा दिसतं." डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून नंबर तोच असल्याचं सांगितलं. तिने आरसा कागदाने घासला, व्हिनेगरने घासला, शेवटी आरशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो भिंतीवरून उतरवला.

एका संध्याकाळी खोडरबर घरी आला तर ती अंधारात बसलेली. दिवा लावलेला नाही, मशीनवर अर्धवट पॅन्ट.

"काय झालं?"

"काही नाही. ती शाळेतली मास्तरीण नाही का, वर्षानुवर्षं आपल्याकडेच कपडे देते, ती आली होती. मी दार उघडलं. मी! आणि ही बया मला विचारते, ताई आहेत का घरी?" ताई हसायला लागली. "मी म्हटलं, अहो, मीच की! तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिची पर्स मारलीय. म्हणाली, मी नंतर येते, ताई आल्या की सांगा."

"तिचंच डोकं फिरलं असेल."

"हो ना. मग वाण्याकडे गेले. माझ्यामागे उभ्या असलेल्या तिघांना त्याने माझ्याआधी सामान दिलं. मी हाक मारतेय, अहो, अहो, तर तो इकडे तिकडे बघतोय." हसता हसता तिचा आवाज फुटला. "छोट्या, मला काय झालंय रे?"

त्याने दिवा लावला. तिच्या चेहऱ्यावर, डाव्या गालापासून वर, एक फिकट तपकिरी सावली होती. सावली पडायला तिथे काही नव्हतं. तो तिच्याजवळ जाऊन बसला, तिचा हात हातात घेतला. हात तिचाच होता, बोटांना सुयांची भोकं असलेला. तेवढ्याने त्याला जरा धीर आला.

५

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पोचताच त्याने टायटल्सची मूळ फाइल उघडली. ठिगळ वेगळ्या थरावर होतं. थर बंद केला की ठिगळ जातं, खालची फिल्म दिसते. ही काही जादू नाही, रोजचंच काम आहे.

त्याने थर बंद केला. ताई तिथेच होती.

त्याने थर काढून टाकला. ताई तिथेच. त्याने फाइल बंद केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फिल्मचा पहिला कोरा स्कॅन उघडला, ज्याला त्याने अजून हातही लावला नव्हता. गर्दीत ताई उभी होती. डाग कुठेच नव्हता. आणि ती आता तिसऱ्या रांगेतही नव्हती. दुसरीत आली होती. काठीवाला म्हातारा, जो नेहमी तिच्यापुढे असायचा, आता तिच्यामागे होता.

 तरी खोडरबरची अक्कल हटून बसली होती. आपणच कधीतरी चुकून कोऱ्या स्कॅनवर काम केलं असेल, ती म्हणत होती. फाइलींचा गोंधळ काय कमी असतो? फिल्म तर खोटं बोलणार नाही. खरी फिल्म, हातात धरता येईल अशी. ती जाऊन बघितली की झालं.

६

फिल्म संग्रहालय गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. थंडगार खोली, छतापर्यंत डबे, आणि जुन्या फिल्मचा तो आंबट वास. तिथली बाई गुबगुबीत आणि बोलघेवडी होती. पांढरे सुती हातमोजे चढवत ती म्हणाली, "डाग? छे हो! या रिळाला डाग लागलेला मी तरी कधी पाहिला नाही. आमच्याकडची सगळ्यात धड फिल्म आहे ही."

"तुम्हीच स्कॅन पाठवलात. त्यात एका बाईचा चेहरा गेलेला होता."

"कुठली बाई? ही?" तिने रीळ उलगडून खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्याच्या हातात भिंग दिलं. "ही तर माझी लाडकी आहे. मी इथे नोकरीला लागले तेव्हापासून बघतेय हिला. अगदी आमच्या गेलेल्या मावशीसारखी दिसते."

खोडरबरने भिंगाला डोळा लावला. नखाएवढी फ्रेम. त्यात टोपीखाली ताईचा चेहरा. डाव्या भुवईवर ती बारीक चीर होती. लहानपणी आंबट फळं पाडताना याने भिरकावलेला दगड तिला लागला होता, त्याची खूण. त्या दिवशी तिने घरी सांगितलं होतं की मी पडले.

त्याने रीळ स्वतःकडे ओढलं. बाईने रीळ सांभाळून काढून घेतलं.

"बोट..." तो म्हणाला. "ही बोट सुटतेय ना?"

"सुटतेय?" बाई हसली. "नीट बघा की. लागतेय ती धक्क्याला. माणसं घ्यायला आलीय."

७

घरी ताई दाराकडे पाठ करून मशीनवर बसलेली असायची. हल्ली ती अशीच बसायची. गिऱ्हाईकं बंद झाली होती, तरी जुने कपडे उसवून पुन्हा शिवत बसायची. मशीनचा खडखडाट ऐकू आला की खोडरबरला जिन्यातच हायसं वाटायचं. भिंतीवर दोघांचा एक फोटो होता, याच्या शाळेच्या शेवटच्या वर्षीचा. त्यात हा दात काढून हसत होता आणि याच्या खांद्यावर हात ठेवून एक तपकिरी डाग उभा होता. त्याने तो फोटो कपाटात टाकला. तिने फोटो कुठे गेला म्हणून विचारलं नाही.

मालिका लागायची त्या संध्याकाळी त्याने टीव्हीची वायर काढून ठेवली. काय उपयोग! शेजारच्या घरातून व्हायोलिन ऐकू आलं, वरच्या मजल्यावरून आलं, समोरच्या इमारतीतल्या खिडक्याखिडक्यांत एकदमच तोच करडा उजेड हलला. घरोघरी धक्का लागला होता.

मशीन थांबलं.

"छोट्या," ताई पाठमोरीच म्हणाली. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"दिसते का रे मी तुला?"

ती वळली. त्याने बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. केस होते, कानातलं होतं, चष्मा होता. चष्म्यामागे आणि चष्म्याखाली ओल्या कागदावर पसरलेल्या चहासारखं काहीतरी होतं, आणि ते कडेने हळूहळू फुगत होतं. त्यातून तिचा आवाज येत होता.

"दिसतेस की," तो म्हणाला. त्याला स्वतःचं कौतुक वाटलं, इतका आवाज सरळ निघाला. "न दिसायला काय झालं? उलट जाड झालीयस."

 मग तिने त्याच्या टकलावर एक टपली मारली, जशी नेहमी मारायची तशी, आणि जेवायला वाढायला उठली. तो न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला.

८

"कथेत आता पृथ्वीवर कोणी उरलेलं नाही," दिग्दर्शिका दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली. "म्हणजे टायटल्स बदलायला हवीत. तोच धक्का, तीच बोट, पण धक्का रिकामा. माणसं पुसून टाक सगळी. आजच हवंय."

"मॅडम, आज नको."

"का रे? तुझं तर कामच आहे ते." आणि ती पलीकडच्या खोलीत निघून गेली.

खोडरबर खुर्चीत बसून राहिला. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, खाली कोणीतरी गाडी लावण्यावरून भांडत होतं. समोर स्क्रीनवर धक्का. पाणी आता नव्हतंच. बोटीचं काळं पोट धक्क्याला टेकलं होतं, मध्ये एक फळी टाकलेली होती. आणि गर्दी, जी रुमाल हलवत होती असं त्याला पहिल्यापासून वाटत आलं होतं, ती रांगेत उभी होती. ताई फळीपासून थोडीच मागे.

त्याने डोकं धरून विचार केला. चेहरा एकच आहे. तो दोन ठिकाणी राहू शकत नाही. इथून पुसला तर घरी परत येईल. यायलाच हवा. पण समजा, ताईच तिकडे गेली असेल, आणि घरी मशीनवर बसते ते तिचं नुसतं उरलंसुरलं असेल, तर? मग आपण पुसणार ते कोणाला? आयुष्यभर त्याने बिनदिक्कत माणसं पुसली होती, वाटेत आलेली, कोपऱ्यातली, नको असलेली. आता स्क्रीनवर पुसायचं पेन हातात धरून तो बसला होता आणि त्याला एक रेघ मारवेना.

शेवटी त्याने घरी फोन लावला. तिचा आवाज कानात असला की आपल्याला कळेल, असं त्याला वाटलं. एक टिंब पुसायचं आणि विचारायचं, ताई, बरी आहेस ना? काही वाईट झालं तर लगेच परत भरायचं.

फोन उचलला गेला.

"हॅलो, ताई?"

"बोल रे." तिचाच आवाज, ठणठणीत. "जरा मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाहीये."

तिच्या आवाजामागे कसला तरी गलका होता. पुष्कळ माणसं एकदम बोलत होती. लाकडावर बूट वाजत होते.

"ताई, टीव्ही लावलायस का?"

"कसला टीव्ही! इथे ही धक्काबुक्की चाललीय."

खोडरबरने वर बघितलं. ती फिल्म मुकी होती. त्या काळच्या सगळ्याच मुक्या असायच्या. स्क्रीनवर ताईने एक हात कानाशी नेलेला होता आणि टोपी सावरत ती कोणाशी तरी बोलत होती. तिचे ओठ हलत होते आणि त्याच्या कानात शब्द पडत होते.

"ताई!" तो ओरडला. "ताई, मागे फिर! त्या रांगेतून बाहेर ये!"

"अरे, मागे कुठे फिरू? मागून लोटतायत. आणि ओरडतोस काय असा? बरी आहे मी." ती थांबली, बाजूला कोणाला तरी "हो हो, आलेच" म्हणाली, आणि मग तिचा आवाज मऊ झाला. "छोट्या, इथे सगळ्यांना दिसते रे मी. कोणी काकू म्हणतं, कोणी आत्या म्हणतं. एक म्हातारा आहे काठीवाला, तो तर मघापासून माझ्याकडे बघून हसतोय. किती दिवसांनी कोणी माझ्या तोंडाकडे बघून बोलतंय."

"मला दिसतेस ना! मी म्हटलं होतं तुला, दिसतेस म्हणून!"

"खोटं बोललास." ती हसली. "मला कळलं होतं, राजा. रागावले नाही मी."

"ताई, मी आत्ता घरी येतो. तू हलू नकोस. तिथेच उभी राहा, ताई, मी येतोय..."

"बरं, ऐक. मशीनवर तुझी निळी पॅन्ट आहे, तिची शिवण घातलीय. ठेवते आता. आमचा नंबर आला."

कानात बोटीचा भोंगा वाजला, इतका जवळ की त्याने फोन बाजूला केला. पेन त्याने केव्हाच टेबलावर टाकलं होतं. एका हातात फोन, दुसरा हात रिकामा ठेवून तो स्क्रीनकडे बघत होता. ताई फळीवर चढली. एकदा तिने वळून बघितलं, डोळे बारीक करून, ऊन डोळ्यांवर आल्यासारखं. तिला तो दिसला की नाही, हे त्याला कळलं नाही. मग चित्र पुन्हा सुरुवातीपासून लागलं. धक्का होता, रांग होती, काठीवाला म्हातारा होता. त्याच्यापुढे एका माणसाएवढी जागा मोकळी होती. तिथे धक्क्याच्या फळ्या दिसत होत्या, नीट, स्वच्छ, खिळ्यांसकट.

फोनमध्ये भोंगा अजून वाजत होता आणि लांब लांब जात होता. खोडरबर फोन कानाशी घट्ट दाबून "ताई, ताई" म्हणत होता, पण आवाज बाहेर पडत नव्हता.

दिग्दर्शिका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"वा! सुरुवात कठीण बाईपासूनच केलीस की! आणि काय सफाईने काढलीस, कोणी उभं होतं असं वाटतसुद्धा नाही. आता बाकीचेही असेच काढ."